पायडल-पंख्याचं फ्रीव्हील सारखं रिकामं फिरतंय? आधी खडूची रेघ मारा

सुगीच्या तोंडावर दरवर्षी हा प्रश्न कानावर येतो. भंगारातल्या सायकलचं मागचं दातेरी चाक, म्हणजे फ्रीव्हील, काढलं, शाफ्टवर बसवलं, भात वाऱ्यावर द्यायचा पंखा तयार केला. दोन दिवस पंखा छान चालला. तिसऱ्या दिवशी खट्ट आवाज झाला आणि पायडल एकदम हलकं झालं. पाय फिरतात, चेन फिरते, पंखा मात्र जागचा हलत नाही. मग बाजारातनं नवं फ्रीव्हील आणलं, तेही आठवड्यात तसंच. शेवटी माणूस म्हणतो हल्लीचा मालच खराब, आणि पंखा गोठ्याच्या माळ्यावर जाऊन पडतो.

माल खराब असतोही कधी. पण माझ्या हाताखालनं गेलेल्या अशा पंख्यांत बहुतेक वेळा फ्रीव्हीलचा दोष नव्हता. ते काढताना, उघडताना नाहीतर बसवताना काहीतरी चुकलं होतं. ती चूक तशीच ठेवून नवं फ्रीव्हील टाकलं तर तेही जुन्याच वाटेनं जाणार.

आमच्याकडं बेळगाव तालुक्यात उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णी या बाजूला भात हेच मुख्य पीक. मळणी झाल्यावर वारा लागतो, आणि हाताला सवड मिळते तेव्हा नेमका वारा पडलेला असतो. शेतातल्या खळ्यावर लाईट नसते. म्हणून पायडलचा पंखा. माझ्या पंख्याची रचना साधी आहे: पुढं जुन्या मोठ्या सायकलचं ४८ दात्यांचं चाक, मागं १८ दात्यांचं फ्रीव्हील, ते २० मिमीच्या शाफ्टवर. त्याच शाफ्टवर ९ इंची पुली, आणि पट्ट्यानं पंख्याची ३ इंची पुली. मिनिटाला ६० वेळा पायडल मारलं की शाफ्ट १६० फिरतो आणि पंखा ४८० च्या आसपास. फ्रीव्हील असल्यामुळं पाय थांबवला तरी पंखा आपल्या जोरात फिरत राहतो आणि पायाला झटका बसत नाही. सूप भरायला हात मोकळे होतात ते त्याच्यामुळंच.

आता दोष शोधायचा कसा. फ्रीव्हील काढायच्या आधी, पंखा आहे तसा असतानाच, एक खडू घ्या. फ्रीव्हीलच्या तोंडावर मधे जी कडी दिसते, दोन बारीक भोकं असलेली, तिला मेस्त्री कोन म्हणतात. त्या कोनावरनं सरळ आतल्या बुशवर, म्हणजे शाफ्टवर घातलेल्या ज्या आट्यांच्या नळीवर फ्रीव्हील बसतं तिच्यावर, एक रेघ ओढा. दुसरी रेघ बुशवरनं शाफ्टवर. आता पायडल मारा, मधेमधे थांबून पंखा मोकळा फिरू द्या, पुन्हा मारा. दहा मिनिटांनी बघा.

दुसरी रेघ तुटली असेल, म्हणजे बुश शाफ्टवर सरकलं असेल, तर गोष्ट सोपी आहे. नुसत्या एका ग्रब स्क्रूवर हे वजन राहत नाही. शाफ्टला आणि बुशला की-वे, म्हणजे लांबट खाच, पाडून त्यात ६ मिमीची की, म्हणजे पाचर, बसवा, विषय संपला.

पहिली रेघ तुटली असेल तर फ्रीव्हील आट्यांवरनं सुटतंय. दोन्ही रेघा जागच्या जागी आहेत आणि तरीही पायडल रिकामं जातंय, तर दोष फ्रीव्हीलच्या पोटात आहे, कुत्र्यांत, म्हणजे पायडल मारताना धरणाऱ्या आणि पाय थांबवल्यावर सोडणाऱ्या आतल्या बारीक खिट्ट्यांत. ही दोन दुखणी वेगळी, आणि औषधंही वेगळी.

आधी सुटण्याचं बघू, कारण गोंधळ इथंच जास्त आहे.

सायकलच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, फ्रीव्हील आट्यांनी बसतं. हे आटे सुलटे, म्हणजे नेहमीच्या नटासारखे. तोंडाकडून पाहिलं तर चेन फ्रीव्हीलला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ओढते, आणि त्याच दिशेनं ते आवळतं. जितका जोर लावाल तितकं घट्ट. म्हणून सायकलवर फ्रीव्हील सुटत नाही, उलट वीस वर्षांनी काढायला गेलं की माणसाला घाम फुटतो.

पंख्यात काय होतं? जागेच्या अडचणीमुळं चेन डाव्या बाजूला घ्यावी लागते. फ्रीव्हील सरळ बसवलं तर कुत्रे धरत नाहीत, रिकामं फिरतं. मग कुणीतरी म्हणतं, पलटी करून बसव. आटे आरपार असतात, त्यामुळं ते पलटी करूनही बसतं आणि धरायलाही लागतं. इथंच घात होतो. आटे पलटी केले तरी सुलटेच राहतात, पण ओढ मात्र आता सोडवायच्या दिशेची झाली. हातानं कितीही आवळा, पाना लावून आवळा, पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ते केसभर सुटत जाणार. काहीजण मग तिथं वेल्डिंगचा टाका मारतात, आणि त्या टाक्यामुळं पुढचं दुखणं सुरू होतं. ते खाली लिहितो.

यावर खरा उपाय एकच: शाफ्ट काढून उलटा घाला, चेन उजवीकडं आणा, फ्रीव्हील तोंड बाहेर करून सरळ बसवा. फ्रेमला एक पट्टी नव्यानं जोडावी लागली तरी चालेल, तेवढे कष्ट घ्या. डाव्या चालीचं, उलट्या आट्यांचं फ्रीव्हील असतं, पण ते वेगळ्या सायकलींसाठी असतं आणि आपल्या तालुक्याच्या दुकानात सहज मिळणारं नव्हे.

फ्रीव्हील सरळ बसलेलं आहे आणि तरी रेघ सरकली, तर आट्यांचं माप तपासा. हे मला फार उशिरा कळलं. पहिलं बुश मी उद्यमबागेतल्या एका लेथवर करून घेतलं होतं. टर्नरनं पिच विचारली, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. मी जुन्या हबवर पट्टी ठेवून मोजलं होतं, सांगितलं १ मिमी. फ्रीव्हील तीन आटे अगदी लोण्यासारखं गेलं आणि मग घट्ट झालं. मला वाटलं, वा, काय फिटिंग आहे! पाना लावून पुढं रेटलं. चार दिवसांत आटे सोलून निघाले, बुशवर तांब्याच्या तारेसारखी चकचकीत वेटोळी लोंबत होती.

दुसऱ्या खेपेला तेच बुश आणि जुना हब घेऊन गेलो तेव्हा टर्नरनं काही न बोलता पिच गेजची पानं उघडली. हबच्या आट्यांवर आधी १ मिमीचं पान ठेवलं आणि ट्यूबलाईटसमोर धरलं. "इल्लि नोड्री," म्हणाला, म्हणजे इथं बघा. पानाच्या एका टोकाला दाते आट्यांत बसले होते, दुसऱ्या टोकाला खालून उजेडाची फट दिसत होती. मग २४ चं पान ठेवलं. उजेड बंद. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कुठंच फट नाही.

फ्रीव्हीलचे आटे जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत: व्यास १.३७ इंच, म्हणजे ३४.८ मिमी, आणि इंचाला २४ आटे. एका आट्याला १.०५८ मिमी. १ मिमी आणि १.०५८ मिमी यातला फरक डोळ्याला दिसत नाही, पण दहा आट्यांवर तो अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे अर्ध्या आट्याहून जास्त. फ्रीव्हील अडकतं ते या फरकामुळं. आवळलं असं वाटतं, पण सगळा भार दोन-तीन आट्यांवर असतो. तेव्हा लेथवाल्याला शब्दांत सांगू नका, जुना हबच हातात द्या आणि २४ चं गेज लावायला सांगा. बुशला मागं काटकोनात कॉलर ठेवायला सांगा, फ्रीव्हील त्या कॉलरला टेकून थांबलं पाहिजे. आट्यांच्या मुळाशी टेकून थांबलेलं फ्रीव्हील तिरकं बसतं आणि चेन एका जागी ताणते, एका जागी ढिली पडते.

जुना हबच कापून त्याचा आट्यांचा तुकडा शाफ्टवर वेल्ड करणारेही आहेत. चालतं, पण हबच्या आतलं भोक २० मिमीला जुळत नाही, मधे स्लीव्ह घालावी लागते, आणि वेल्डिंगच्या ओढीनं तुकडा मध्यावर राहत नाही. शिवाय हबवर मुलामा असतो. तो घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नका, त्याचा धूर छातीला वाईट. मी तरी बुशच करून घ्या म्हणेन.

सुटण्याचं अजून एक कारण आहे आणि ते दुसऱ्या दुखण्याशी जोडलेलं आहे. फ्रीव्हील गंजानं किंवा आळलेल्या ग्रीसनं जाम झालं, तर पाय थांबवल्यावर ते मोकळं फिरत नाही. पंख्याचा सगळा जोर उलटा फ्रीव्हीलवर येतो, शाफ्ट पुढं पळतो आणि चेन मागं धरते. ही ओढ बरोबर सोडवायच्या दिशेची. म्हणजे आट्यांचं माप बरोबर, फ्रीव्हील सरळ, तरी जाम झालं म्हणून ते सुटलं. पाय थांबवला की पायडल आपोआप पुढं ओढलं जात असेल, तर हेच चाललंय असं धरा आणि फ्रीव्हील उघडा.

उघडायचं म्हणजे आधी चाकावरनं किंवा बुशवरनं काढायचं. इथं एक कळकळीची विनंती. भंगारातनं चाक आणल्यावर सगळ्यात आधी माणूस ग्राइंडर घेऊन तारा कापतो, रिम बाजूला टाकतो आणि हातात सुटा हब घेऊन बसतो. मग फ्रीव्हील निघत नाही, कारण हबला धरायला जागाच उरत नाही. रिम हाच तुमचा सगळ्यात मोठा पाना आहे! तारा कापायच्या आधी फ्रीव्हील काढा. एक्सलचा नट काढा, फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा काढणीचा पाना घाला, तो निसटू नये म्हणून एक्सलचा नट वरनं हलका लावा. मग पाना व्हाइसमधे धरा, चाक आडवं ठेवा आणि दोन्ही हातांनी बसच्या स्टेअरिंगसारखं डावीकडं फिरवा. कडक् असा आवाज येऊन पकड सुटेल. सुटल्याबरोबर वरचा नट ढिला करा, नाहीतर फ्रीव्हील वर यायला जागा नसते.

नाहीच हललं तर हबच्या बाजूनं आट्यांच्या कडेला डिझेल सोडून रात्रभर ठेवा. गॅस लावून तापवू नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. काढणीचा पाना नसला की माणूस पोगर आणि हातोडी घेतो, कोनावरची ती दोन भोकं बघतो आणि फ्रीव्हील काढायला म्हणून तिथं हाणतो. मीही पोरवयात हेच करत होतो. शहापुरातल्या सायकल दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, आतनं म्हातारे मेस्त्री आले आणि हातोडी धरली. "बाळ, त्या भोकात हाणू नकोस. ते उलट्या आट्याचं हाय. फ्रीव्हील निघायचं नाही, छर्रं सांडतील बघ."

एका फ्रीव्हीलमधे दोन प्रकारचे आटे आहेत, हे पक्कं ध्यानात ठेवा. हबवरचे सुलटे. कोनाचे उलटे. कोन उघडायचा तर घड्याळाच्या दिशेनं, उजवीकडं फिरवायचा. डावीकडं हाणलं तर तो आणखी आवळतो. हे उलटे आटे मुद्दाम आहेत: पाय थांबवल्यावर दात्यांची कडी आतल्या भागाच्या मानानं मागं, डावीकडं सरकत असते, आणि छर्ऱ्यांच्या घासण्यानं कोनालाही त्याच बाजूला ओढते. उलटे आटे असल्यामुळं त्या ओढीनं तो आवळत राहतो, चालता चालता उघडत नाही.

कोन काढण्याआधी खाली परात घ्या, त्यात जुनं फडकं अंथरा. पोगर भोकात तिरका धरून उजवीकडं हलके ठोके द्या. जोराच्या एका दणक्यापेक्षा सहा हलके बरे. कोन निघाला की त्याखाली कागदासारख्या पातळ चकत्या दिसतील, एक, दोन, कधी तीन. त्या मोजा आणि तारेत ओवून ठेवा. त्यांच्यावरच फ्रीव्हीलचा खेळ ठरतो: एक कमी पडली तर फ्रीव्हील जाम, एक जास्त झाली तर दात्यांची कडी डुगडुगते. मग कडी हळूच उचला. वरच्या आणि खालच्या ओळीतले बारीक छर्रे, एक अष्टमांश इंचाचे, परातीत येतील. तेही मोजून ठेवा.

आता हातात राहिलेला आतला भाग उजेडात धरा. त्याच्या अंगावर दोन खाचांत दोन कुत्रे बसलेले असतात, नखाएवढे, प्रत्येकाच्या मागं केसासारखी तारेची स्प्रिंग. बोटानं कुत्रा दाबा आणि सोडा. तो टक् करून वर यायला हवा. माझ्याकडं आलेल्या एका पंख्यातले कुत्रे दाबले तर दाबलेलेच राहिले, पिवळ्या ग्रीसमधे भुसा आणि तांबडी धूळ बसून खव्यासारखा थर झाला होता. दुकानदारानं नव्हे, मालकानंच प्रेमानं चाकाचं घट्ट ग्रीस भरलं होतं. कुत्र्याच्या स्प्रिंगला एवढा जोर नसतो. घट्ट ग्रीस असलं की तो वेळेवर उठत नाही, उठला तरी अर्धाच धरतो, आणि अर्धा धरलेला कुत्रा जोर आला की निसटतो. तो खट्ट आवाज त्याचाच. डिझेलनं धुवा, कोरडं करा, आणि कुत्र्यांवर फक्त शिलाई मशीनच्या तेलासारखं पातळ तेल सोडा. छर्रे जागेवर चिकटून राहण्यापुरतं ग्रीस त्यांच्या ओळीत बोटाच्या टोकानं लावलं तर हरकत नाही, पण ते कुत्र्यांपर्यंत जाऊ देऊ नका.

कुत्र्याचं टोक धारदार हवं. गोल झालेलं दिसलं, किंवा कडीच्या आतल्या दात्यांचे कोपरे झिजलेले दिसले, तर कानस मारत बसू नका, नवीन फ्रीव्हील घ्या. कानस मारलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याच्या बरोबरीनं धरत नाही, सगळा भार एकावर येतो.

आणि तो वेल्डिंगचा टाका. फ्रीव्हीलला शाफ्टवर वेल्ड केलं असेल तर उघडल्यावर स्प्रिंगची तार निळसर दिसेल. निळी झालेली तार म्हणजे पाणी उतरलेलं. ती वाकते, पण परत येत नाही. अशा फ्रीव्हीलचे कुत्रे पहिल्या दिवशी कसेबसे काम करतात आणि मग पडून राहतात. त्याला दुरुस्ती नाही. गॅसनं तापवू नका म्हणालो तेही यासाठीच.

हल्ली पोरं गियरच्या सायकलचा मागचा सहा-सात दातेरी चकत्यांचा गठ्ठा घेऊन येतात. तो दोन जातींचा असतो. गठ्ठा हातानं उलटा फिरवा आणि मधल्या खाचांकडं बघा. चकत्यांबरोबर खाचाही फिरल्या तर ती कॅसेट, खाचा स्थिर राहिल्या तर आट्यांचं फ्रीव्हील. आट्यांचं असेल तर वर लिहिलेल्या पद्धतीनंच निघतं, फक्त पाना १२ खाचांचा लागतो. कॅसेटला वरची लॉकरिंग डावीकडं सोडायची, पण नुसता पाना फिरवला तर चकत्या मागं पळतात. चेनचा तुकडा लावलेली पट्टी मोठ्या चकतीवर अडकवून ती धरून ठेवावी लागते. कॅसेटचा कुत्र्यांचा भाग चकत्यांत नसतो, हबवर राहतो. तो बहुतेक हबांत आतनं १० मिमीच्या ॲलन बोल्टनं धरलेला असतो. पंख्यासाठी हे दोन्ही मला पटत नाही. त्या चकत्या पातळ, त्यांची चेन अरुंद, आणि दाते चेन उडी मारून गियर बदलावी म्हणूनच घडवलेले. खळ्यावर फ्रेम जरा तिरकी बसली की चेन उतरते. साध्या सायकलचं १८ दात्यांचं फ्रीव्हील आणि जाड चेन, याला तोड नाही.

बसवताना उलट क्रम. छर्रे मोजलेले तेवढेच, कोनाखालच्या पातळ चकत्या तेवढ्याच, कोन डावीकडं फिरवून आवळायचा. कडी बोटानं उलटी फिरवली की दोन्ही कुत्र्यांचा टकटक आवाज एकसारखा यायला हवा, आणि कडी डुगडुगता कामा नये. बुशच्या आट्यांवर थोडं ग्रीस लावा, इथं मात्र लावाच, नाहीतर पुढच्या सुगीला निघणार नाही. फ्रीव्हीलचे पहिले दोन फेरे हातानं द्या, पाना लावू नका. तिरकं चढलं तर लगेच कळेल.

चेनवर आणि पंख्यावर पत्र्याचं झाकण लावल्याशिवाय पायडल मारू नका. खळ्यावर पोरं असतात, बायांचे पदर असतात, आणि फ्रीव्हील असल्यामुळं पाय थांबवला तरी पंखा थांबत नाही.

पुन्हा खडूची रेघ मारा आणि पहिल्या दिवशी दर तासाला एकदा बघा. सुगी संपल्यावर पंखा माळ्यावर टाकायच्या आधी फ्रीव्हीलच्या फटीत पातळ तेलाचे चार थेंब सोडा, चेन उतरवून डिझेलमधे बुडवून पुसा, आणि फ्रीव्हीलवर प्लास्टिकची पिशवी बांधा. आमच्याकडचा जून ते सप्टेंबरचा दमटपणा कौलाखालीही लोखंडाला सोडत नाही.